भिंत वाचून दाखवणारी

नोकरीत मला एक प्रोजेक्टर मिळाला होता. जेवणाच्या डब्याएवढा, काळा, एका कोपऱ्यावर खरचटलेला. माझ्याआधी हे काम करणाऱ्या ताईंनी तो जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि सांगितलं, पावसात भिजू देऊ नको, आणि आतला पंखा थांबल्याशिवाय पिशवीत घालू नको. मी तो छातीशी धरून एसटीत बसले. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. कोंढ्याला शाळा, पवनीला कॉलेज, मग भंडाऱ्याला समाजकार्याची पदवी. गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी गुरुजींनी फळ्यावर काढलेल्या आमच्या जिल्ह्याच्या नकाशाचा पूर्वेकडचा भाग डस्टरनं पुसून दाखवला होता. त्याच गुरुजींनी बाबांना घरी येऊन सांगितलं, की या पोरीला धानाच्या बांधीत उतरवू नका, शिकू द्या. बाबांनी ऐकलं. त्या दोघांच्या उपकारावर मी उभी आहे, हे मी कधी विसरले नाही.

काम होतं सिकलसेलची माहिती गावोगाव सांगण्याचं. आमच्या भागात हा आजार रक्तातून चालत येतो. तपासणी झाली की ज्याच्यात काही नाही त्याला पांढरं कार्ड, ज्याला आजार आहे त्याला लाल, आणि ज्याला स्वतःला त्रास नाही पण रक्तात तो दोष आहे त्याला पिवळं. दोन पिवळ्यांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात लाल कार्डाचं मूल जन्मण्याची भीती. सांगायचं एवढंच होतं. लग्नाआधी पत्रिका पाहता, तसं कार्ड पाहा. पण पिवळ्या कार्डाच्या माणसाला काहीच दुखत नाही, म्हणून त्याला ते पटत नाही.

आमच्या घरी आई पिवळी, बाबा पिवळे, दादा पिवळा. मी पांढरी. धाकटा भाऊ लाल.

तो रांगायच्या वयाचा होता तेव्हा त्याचे हातपाय सुजायचे. पंजे पुरीसारखे फुगत. घरच्यांनी वात म्हटलं, नजर म्हटलं, शेक दिला, तेल लावलं. नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तो शाळेत जाऊ लागला होता. पुढं थंडीत, तापात, जास्त चालला तर त्याची हाडं अशी दुखत की तो उशीचा कोपरा दातात धरून पडून राही. शाळा मधूनमधून सुटत गेली तरी बारावी झाला, आणि मग घरीच असे. गावातल्या सगळ्यांचे मोबाईल त्याच्याकडे यायचे, कुणाचा आवाज गेलेला, कुणाचं चित्र अडकलेलं. तोंडानं मात्र फटकळ. माझ्या स्लाइडवर लिहिलेलं होतं की या आजारात रक्तातल्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. ते वाचून तो धान कापायला निघालेल्या दादाला म्हणाला होता, "मले काहून नाही नेत कापणीले? विळे तर माह्या रक्तातच हायेत." दादा हसला नव्हता. आई चुलीपुढून उठून बाहेर गेली होती.

प्रोजेक्टर चालवायच्या दोन तऱ्हा आम्हाला प्रशिक्षणात शिकवल्या होत्या. एक म्हणजे स्लाइडांची चित्रं करून, त्यांना क्रम देऊन मेमरी कार्डात भरायची, कार्ड मागच्या खाचेत सरकवायचं आणि बाणाचं बटण दाबत जायचं. दुसरी बिनतारी. मोबाईल प्रोजेक्टरला जोडला की मोबाईलवर जे दिसतं ते सगळं भिंतीवर दिसतं. शिकवणारे सर म्हणाले, बिनतारी वापरा, हातात मोबाईल घेऊन लोकांत फिरता येतं, माणूस दिसतो चांगला. मलाही ते आवडलं. कोंढ्याच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसणारी मी हातातला मोबाईल नुसता सरकवायची आणि भिंतीवरचं चित्र बदलायचं. बायका भिंतीकडे पाहायच्या आणि मग माझ्याकडे.

हे जोडणं मला घरी धाकट्यानं पक्कं शिकवलं. तो प्रोजेक्टरला "ताईचा कंदील" म्हणे. छपरीतल्या सारवलेल्या भिंतीवर तो लावून बघत असताना माझ्या मोबाईलवर मैत्रिणीचा निरोप आला, तर तो भिंतीवर वरच्या बाजूला पट्टीसारखा उमटला. धाकट्यानं तो मोठ्यानं वाचला आणि मला चिडवलं. मी म्हटलं, हे बंद कसं करायचं ते दाखव. तो म्हणाला दाखवतो, आणि तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली.

गावात गेले की माझी एक पद्धत असे. म्हाताऱ्यांना आणि शाळा न पाहिलेल्या बायकांना भिंतीवरची अक्षरं कळत नाहीत. मी सगळं स्वतःच वाचलं तर ते लोक सरकारी माणूस बोलतो आहे असं समजून जांभया देतात. म्हणून मी त्या गावातली एक शिकलेली सून किंवा मुलगी पुढं बसवायची आणि तिला प्रत्येक स्लाइड मोठ्यानं वाचायला सांगायची. आपल्या गावची पोरगी वाचते म्हटलं की लोक कान देतात. ती वाचणार, मग मी समजावणार, मग पुढची स्लाइड. थोड्या वेळानं वाचणाऱ्या मुलीला त्याची लय सापडते. भिंतीवर अक्षर आलं की तिचं तोंड सुरू होतं.

दादाच्या लग्नाचं त्या वर्षी पोळा झाल्यावर निघालं. आमच्याकडे मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. ती जन्मली तेव्हाच आईनं म्हणून ठेवलं होतं, ही माझी सून. मामाचं गाव कोंढ्याच्या पलीकडे, आमच्यापासून फार लांब नाही. मामाचा माझ्यावर जीव. आमच्या भागात मामा भाचा-भाचीच्या पाया पडतो. माझी पदवी झाली तेव्हा तो भर बसस्थानकावर वाकला होता आणि उठून लोकांना सांगत होता की आमच्या घरची पहिली.

मामाच्या पोरीची तपासणी तिच्या कॉलेजात झाली होती. यादी माझ्या कामाच्या कागदांतून गेली होती, म्हणून मला माहीत होतं. पिवळं. पण कुणाचं कार्ड कोणतं हे दुसऱ्याला सांगायचं नाही, ही आमच्या कामाची पहिली अट होती. मी मामाला आडून विचारलं, मामा, कार्ड पाहिलं का? तो म्हणाला, "आमच्या घरी कोनाले काही नाही. बाई, तू मोठी शिकली, तुले गावाले सांगाचं तर सांग. घरात कायले आनतं ते?" आईला विचारलं तर ती म्हणाली, की मला लाल पोर झालं तरी मी टाकलं नाही. दादा विषय निघाला की बांधीकडे निघून जाई. सुपारी फुटायची राहिली होती, तेवढंच. ते लग्न झालं तर घरात आणखी एक उशीचा कोपरा दातात धरणारं मूल येईल, ही भीती मला आणि धाकट्याला होती. बाकी कुणी ती ओठावर आणत नव्हतं. धाकट्याला मी त्या पोरीचं कार्ड सांगितलं नव्हतं. तो विचारतही नव्हता.

म्हणून मी मामाच्या गावात कार्यक्रम घेतला. निदान सगळं ऐकून तरी मामा स्वतः पोरीचं कार्ड मागेल, एवढीच आशा.

शाळेच्या छपरीत सतरंज्या टाकल्या होत्या. दिवस मावळू लागला, भिंत दिसेल इतका अंधार झाला आणि मी मोबाईल जोडला. मामानं माझ्यासाठी घरून खुर्ची आणली होती. सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला आणि पहिल्या ओळीत बसला. वाचायला कोण, म्हणून विचारलं तर बायकांनी मामाच्या पोरीलाच पुढं ढकललं. गावात कॉलेजात जाणारी तीच. ओढणी सावरून ती माझ्या बाजूला उभी राहिली. तिचा आवाज स्वच्छ होता. आजार म्हणजे काय, कसा येतो, लक्षणं काय, ती वाचत गेली आणि मी समजावत गेले. पिवळ्या कार्डाच्या स्लाइडवर मामा पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत होता.

तेव्हा भिंतीच्या वरच्या बाजूला पट्टी आली. माझ्या मोबाईलमध्ये धाकट्याचं नाव "लहान्या" असं होतं, तेच तिथं उमटलं. खाली एक ओळ. ती गेली नाही तोच दुसरी, मग तिसरी. माझा अंगठा कुठं दाबावं ते विसरला. आणि ती मात्र वाचत होती, स्लाइड वाचावी तशी, त्याच आवाजात, न थांबता.

"मामाच्या पोरीचं कार्ड पिवळं हाये. दादाचं पन पिवळंच हाये. हे लग्न नोका करू, घरात मी एक हाये तेवढा बस."

तिसरी ओळ वाचून ती थांबली. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय वाचली ते? कुणीतरी त्याला हळू आवाजात सांगितलं. मामा उठला. त्यानं माझी खुर्ची उचलली, जी रिकामीच होती, आणि ती घेऊन घराकडे चालू लागला. पोरगी त्याच्या मागून गेली.

घरी आले तर धाकटा छपरीत पांघरूण घेऊन बसला होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "पट्टीत एकच ओळ मावते ताई, म्हनून तुकडे करून धाडलो."

मी विचारलं, तिचं कार्ड तुला कुणी सांगितलं? त्यानं पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं. मग म्हणाला की तिनंच. ती रोज त्याला निरोप पाठवत असे. बापापुढं बोलायची तिची छाती नव्हती, आत्यापुढंही नव्हती. वाचायला आपल्यालाच उभं करतील हे तिला माहीत होतं. तूच भिंतीवर धाड, मी वाचून टाकीन, असं तिनंच त्याला सांगितलं होतं. "तुले नाही धाडलो मी ते," तो मला म्हणाला. "भिंतीले धाडलो."

मामानं समजायचं ते समजून घेतलं. भाचीनं सरकारी यादी फोडली, भावाच्या हातून गावासमोर आमची अब्रू काढली. त्यानं ऑफिसात तक्रार केली. मला बोलावून विचारलं गेलं. कार्ड धाकट्याला कुणी सांगितलं हे मी सांगितलं असतं तर मी सुटले असते, पण ती अडकली असती. मी म्हटलं, चुकून झालं. साहेबांनी समज दिली आणि यापुढं बिनतारी वापरायचं नाही, फक्त मेमरी कार्ड, असं लिहून दिलं. नोकरी ठेवली याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

लग्न मोडलं. आईचं माहेरही तुटलं. भाऊबीजेला तिनं ताट केलं आणि ते तसंच झाकून ठेवलं. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. धाकट्यावर मात्र ती कधी रागावली नाही, त्याचं दुखणं तेव्हा वाढलं होतं.

मेमरी कार्डाला एक गोष्ट बरी, त्यात आपण भरलं तेवढंच भिंतीवर येतं. बाहेरून कुणाचा निरोप येत नाही. स्लाइडांची चित्रं धाकट्यानंच करून दिली, आणि एक दिवस म्हणाला, माझं पण भर त्यात. अंगात बरं असलेल्या एका सकाळी तो छपरीत बसायचा वेताचा मोडा घेऊन बसला, केस पाण्यानं चापून बसवले, आणि मी मोबाईलनं त्याचं बोलणं टिपलं. तो आमच्या बोलीतच बोलला. दुखते तेव्हा कसं दुखते ते सांगितलं. हाडात कोणी लाकूड चिरून राहिला असं वाटते, म्हणाला. मग म्हणाला की मी भीत नाही, पण माझी माय भिते, आणि तुम्हाला तुमच्या मायची कीव येत असेल तर लग्नाआधी कार्ड पाहा. बाकीचे गुण तुम्ही जुळवत बसा, त्यात मला काही समजत नाही. शेवटी मी थांबव म्हणायच्या आधी तो हसला, तेही त्यात राहिलं. ती फिल्म मी स्लाइडांच्या मागं कार्डात भरली.

उन्हाळ्यात कळलं की मामानं पोरगी तुमसरकडे देऊन टाकली. मुलगा राईस मिलमध्ये कामाला, घर चांगलं. कुणी आम्हाला बोलावलं नाही. आईनं शेजारणीकडून ऐकलं. त्या मुलाचं कार्ड मागितलं का, हे विचारायची गरजच नव्हती. त्याचं मागितलं असतं तर हिचं दाखवावं लागलं असतं. जिथं ती भिंत कुणी पाहिली नव्हती अशा लांबच्या गावी मामानं तिला दिलं, आणि दुसऱ्यांदा तिच्यापुढं ना भिंत होती, ना वाचायला काही.

धाकटा पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत गेला. ताप आला, छातीत भरलं, आधी पवनीला, मग भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला न्यायची चिठ्ठी मिळाली आणि गाडीची वाट पाहतानाच तो गेला. घरी आणला तेव्हा अंगणात चिखल होता. मामा आला. वाकून धाकट्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसाच बराच वेळ राहिला. उठला तेव्हा मी अगदी जवळ उभी होते. तो माझ्या पायांकडे न पाहता बाजूनं निघून गेला.

त्यानंतर कार्डातली ती फिल्म काढून टाकावी का, हे मी आईला विचारलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "तो बोलून रायला ना त्याच्यात? मंग बोलू दे." तिनं ती स्वतः कधी पाहिली नाही. मी प्रोजेक्टर लावून बघायला बसले की ती गोठ्याकडे जाते.

मी गावोगाव ती दाखवत राहिले. कुठं लोक ऐकतात, कुठं पोरं हसतात, कुठं वीज जाते आणि तो अर्ध्या वाक्यात थांबतो. फिल्म संपली की मी पुढच्या गावाची तारीख घेते.

मग एकदा तुमसरच्या बाजूच्या एका गावातून बोलावणं आलं. तिथल्या आशाताई फोनवर म्हणाल्या की गावातली एक सून सारखी मागं लागली आहे, ते भिंतीवर आजारी मुलाची फिल्म दाखवणाऱ्या बाईंना बोलवा म्हणून. मी नाव विचारलं नाही. रेशन दुकानाच्या बाजूच्या सभागृहात लोक जमले. पडदा म्हणून पांढरं धोतर ताणलं होतं. कार्ड खाचेत घातलं, पहिली स्लाइड आली, आणि मी नेहमीसारखं विचारलं, वाचायला कोण येतं?

बायकांनी जिला पुढं पाठवलं ती मामाची पोरगी होती. कडेवर वर्षाच्या आतबाहेरचं मूल, डोक्यावर पदर. तिनं मला ओळख दाखवली नाही. मीही नाही. मागच्या ओळीत तिची सासू होती आणि दाराशी टेकून उभा असलेला तिचा नवरा.

ती वाचू लागली. आवाज तोच, थोडा खाली गेलेला. आजार म्हणजे काय. तो आईबापांकडून मुलाला कसा येतो. मी प्रत्येक स्लाइड समजावत होते आणि माझं सगळं लक्ष त्या मुलाच्या हातांकडे होतं. झबल्याच्या बाहीत ते झाकलेले होते. पाचवी की सहावी स्लाइड लक्षणांची. त्यावर एका बाळाच्या सुजलेल्या पंजाचं चित्र आहे.

"लहान बाळाचे हात-पाय," ती वाचू लागली आणि थांबली.

सभागृहात लोक वाट पाहत होते. तिनं मुलाच्या झबल्याची बाही हळूच वर सारली. पंजे फुगलेले होते, आमच्या धाकट्याचे होत तसेच, बोटं एकमेकांपासून लांब गेलेली. मागून सासू म्हणाली, वाताचे आहेत ते, तेल लावतो आम्ही. ती वळली नाही. पडद्याकडेच पाहत उभी राहिली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं कार्ड पिवळं हाये. लग्नाच्या आधीपासून माहीत हाये मले."

दाराशी नवरा सरळ उभा राहिला. मला वाटलं ती आता बाहेर निघून जाईल. ती गेली नाही. मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, "ताई, पुढचं मले नाही वाचता येत. त्याले येऊ दे. तो सांगन."

फिल्म अजून बऱ्याच स्लाइडांनंतर होती. मी त्या सगळ्या ओलांडून बाणाचं बटण दाबत राहिले, धोतरावर चित्रं भराभर बदलत गेली, आणि मग ओल्या केसांचा माझा भाऊ मोड्यावर बसलेला दिसला.